क्लेमेंटीचे स्वतंत्र तज्ज्ञ

प्रबोध करमरकरांना आयुष्यात कोणी कधी मत विचारलं नव्हतं, आणि यात जगाचं काही चुकलं असंही त्यांना वाटत नसे. छत्तीस वर्षं त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. त्यातली शेवटची अकरा वर्षं ते चीफ इंजिनियर होते. पण तेव्हाही त्यांचं ऐकायचं ते इंजिन. माणसं आपापलं बघत. जेवणाच्या वेळी ते कोपऱ्यात पुस्तक उघडून बसत आणि पुस्तक संपलं तरी पानं उलटत राहत, म्हणजे कोणी शेजारी येऊन बोलायला नको.

आता एकाहत्तराव्या वर्षी ते सिंगापुरात, क्लेमेंटीला, लेकीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते. जावई रुचिर बोटीवर, वर्षातले सात महिने बाहेर. आपण इथे फुकटचे राहतो असं वाटून प्रबोध दिवसातून तीनदा ओटा पुसत. ऋताने शेवटी सांगितलं होतं, "बाबा, घरमालकाचा ओटा आहे. झिजला तर डिपॉझिट जाईल."

त्यामुळे एका रविवारी सकाळी ऋताने त्यांच्यापुढे चार छापील कागद ठेवले आणि "बाबा, तुमचं मत हवंय" असं म्हटलं, तेव्हा त्यांनी आधी मागे वळून पाहिलं.

"माझं?"

"तुमचंच. ऑस्ट्रेलियाच्या सरकारला हवंय."

प्रकरण असं होतं. ऋताची कंपनी जहाजांना इंधन म्हणून द्रवरूप नैसर्गिक वायू विकत असे. ऑफिस हार्बरफ्रंटला, पण मोठा धंदा ऑस्ट्रेलियातल्या बंदरांत. तिथलं केंद्र सरकार 'स्वच्छ इंधन' कशाला म्हणायचं याची यादी बनवत होतं. यादीत नाव लागलं की पुढची पंधरा वर्षं सवलती. नाही लागलं की काही नाही. सरकारने कायद्याप्रमाणे लोकांकडून लेखी सूचना मागवल्या होत्या. कंपनीने आपली साठ पानांची सूचना केव्हाच धाडली होती. शिवाय कॅनबेरात एक पगारी एजंट ठेवला होता, त्याचं काम खासदारांबरोबर कॉफी पिणं. आता कंपनीला हवे होते ते 'स्वतंत्र आवाज'.

"स्वतंत्र म्हणजे कसे?" प्रबोधनी विचारलं.

"कंपनीशी संबंध नसलेले. आमच्या साहेबाने, ओंगने, आम्हाला प्रत्येकी पाच आणायला सांगितलेत. माझे चार झाले. सेम्बावांगच्या यार्डातून तुमच्या जुन्या रूपेशने तीन मिळवून दिले आणि चौथा तो स्वतः."

"पण मी तर तुझा बाप आहे."

"आडनाव वेगळं आहे ना."

ऋता समोर बसली आणि खरी गोष्ट तिने हवापाण्याबद्दल बोलावं तशी सांगून टाकली. तिचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, दोन महिन्यांत संपत होता. कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं. नूतनीकरणाचा अर्ज कोणाचा पाठवायचा आणि कोणाचा नाही, ते तिचा साहेब, मिस्टर ओंग, ठरवणार होता. "चार आवाज घेऊन मी त्याच्यासमोर नाही उभी राहू शकत, बाबा. अर्ज गेला नाही तर नोकरी गेली. नोकरी गेली तर महिन्याभरात सगळं आवरून पुणं." मग ती हसली. "चारच तर पानं आहेत. लिहून तयार आहे. वाचा, सही करा, झालं."

प्रबोधनी कागद हातात घेतले. सुरुवात 'मी, जागतिक कीर्तीचा सागरी अभियंता' अशी होती. जगातल्या फार तर तेरा माणसांना आपण आठवत असू, आणि त्यातल्या चौघांना तरी चिडून, असा त्यांचा अंदाज होता. पण खोटं कशाला बोला, ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. एकदा चष्मा पुसूनही वाचलं.

घोळ दुसऱ्या पानावर झाला. तिथे लिहिलं होतं, 'माझ्या प्रदीर्घ अनुभवानुसार नैसर्गिक वायू इंजिनात संपूर्णपणे जळतो व वातावरणात जात नाही.'

निवृत्त होण्याआधीची चार वर्षं प्रबोध अशाच वायूवर चालणाऱ्या जहाजावर होते. पूर्ण वेगात इंजिन वायू चांगला जाळी. पण बंदराबाहेर ताटकळताना, वेग कमी असताना, थोडा वायू न जळताच धुराड्यातून वर निघून जाई. आणि न जळलेला वायू हवा तापवतो ती धुराच्या कितीतरी पट. नेमका किती जाई ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण धुराड्यावर मोजायचं यंत्रच बसवलेलं नव्हतं. प्रबोधनी हे त्या काळी लॉगबुकात पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. कंपन्या लॉगबुकं जपून ठेवतात. वाचत नाहीत.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? उठून लेकीला सांगितलं असतं की बाई गं, हे वाक्य बरोबर नाही. प्रबोधही उठले. ते दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा ती फोनवर होती. तिसऱ्यांदा ती फोनवर नव्हती, म्हणून ते पाणी पिऊन परत आले.

मग त्यांनी छत्तीस वर्षांच्या सवयीचं तेच केलं. लॉगबुकाचा एक नियम असतो: चुकलेलं खोडायचं नाही, पांढरं फासायचं नाही. त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर मजकूर लिहायचा आणि आपली आद्याक्षरं टाकायची. कोणी काय लपवलं असा संशय नको. प्रबोधनी निळं पेन घेतलं, पट्टी घेतली आणि चार पानांत सात ठिकाणी रेघा मारल्या. 'संपूर्णपणे जळतो' यावर रेघ. शेजारी, 'कमी वेगात नाही. धुराड्यावर मीटर नव्हता. मग कळलं कसं?' खाली पी. के. 'जागतिक कीर्तीचा' यावर रेघ, शेजारी, 'निवृत्त.' खाली पी. के. ही रेघ मारताना मात्र त्यांचा हात थोडा रेंगाळला.

सूचना मागवताना सरकारने एक नियमावलीही काढली होती, बावीस पानांची. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा पृथ्वीवरचा बहुधा हा एकमेव मनुष्य. तिच्या शेवटी एक फॉर्म होता, त्यात प्रश्न, 'या विषयात आपले काही हितसंबंध आहेत काय?' फॉर्ममधली जागा रिकामी सोडायची नसते. प्रबोधनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'होय. माझी मुलगी या वायूच्या कंपनीत नोकरीस आहे. मजकूर कंपनीने लिहून दिला. दुरुस्त्या माझ्या.'

कागद ऋताकडे द्यायला हवे होते हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण दिले असते तर तिने वाचले असते, आणि मग बोलावं लागलं असतं. शिवाय बोटीवर चीफ आपला रिपोर्ट आपल्या सहीने थेट पाठवतो, आणि पहिल्या पानावर सरकारचा ईमेल पत्ता ठळक छापलेला होता. वाचणार तर कोणीच नाही. सहीचा कागद पोचला की पाचवा आवाज भरला. ते लायब्ररीत गेले, तीन फेऱ्यांत स्कॅनिंग शिकले आणि कागद पाठवून मोकळे झाले. मुलीला तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून त्यांनी ते ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारला सांगितलं.

"पाठवले," त्यांनी संध्याकाळी जाहीर केलं.

"थेट? मला दाखवायचे होते," ऋता म्हणाली. पण तिच्या डोक्यावरचा भार उतरला होता. "जाऊ दे. पाच झाले. थँक्यू, बाबा." त्या दिवशी तिने त्यांना ओटा पुसू दिला.

बारा दिवसांनी, शनिवारी सकाळी, रूपेश सेम्बावांगहून एमआरटीच्या लोकलने थेट क्लेमेंटीला आला. हा जहाजदुरुस्तीच्या यार्डात सुपरिंटेंडंट, पंचेचाळिशीचा, एके काळी प्रबोधच्या हाताखाली फोर्थ इंजिनियर होता. त्याने त्यांना हॉकर सेंटरवर, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, बोलावलं, कॉफी समोर ठेवली आणि त्यांना नीट निरखून पाहिलं.

"चीफ, तुम्ही बरे आहात ना?"

"का रे?"

"नाही, सहज. बोटीवर असताना तुम्ही मला एकदा शिवी दिली होती, आठवतंय? शिवी कसली, 'अरेरे' म्हणाला होतात. त्यानंतर तुम्ही इतकं काही कोणाला बोललेलं मी ऐकलं नाही. आणि आता हे." त्याने मोबाइल पुढे केला. "आलेल्या सगळ्या सूचना त्यांनी वेबसाइटवर टाकल्यात. जशाच्या तशा. नंबर दोनशे सतरा बघा."

पडद्यावर प्रबोधचं अक्षर होतं. निळ्या रेघा, पट्टीने मारलेल्या, शेजारी पी. के., पी. के., पी. के. त्यांचे कान गरम झाले. इतक्या वर्षांनीही आपला 'के' उलटा पडलेल्या खुर्चीसारखा दिसतो, एवढंच त्यांच्या आधी मनात आलं.

"हे लोक वाचतात?" ते म्हणाले.

"पत्रकारानेही वाचलंय. तिकडच्या एका पेपरात फोटो आलाय. 'कंपनीने काय लिहून दिलं आणि इंजिनियरने काय खोडलं.' रेघेखालचं सगळं वाचता येतंय ना. जरा गिचमिड खोडलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"नियम नाही तसा."

"हो, नियम." रूपेशने कॉफीचा घोट घेतला. "आणि माझी सूचना दोनशे सोळा नंबरला आहे. शब्द न् शब्द तुमच्यासारखा, फक्त रेघा नाहीत. मी अकरा सेकंदांत सही केली होती, चीफ. आता यार्डात मला सगळे 'स्वतंत्र आवाज' म्हणून हाक मारतात."

"रूपेश, तू वाचलं नव्हतंस?"

"ऋताताईने सांगितलं म्हणून केली. तुमची मुलगी आहे, तर खरंच असणार म्हटलं." "तिला कळलंय का?"

तिला कळलं होतं. प्रबोध घरी पोचले तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप बंद करून बसली होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसांपुढे मान खाली घालून उभं राहण्याचा प्रबोधना भरपूर सराव होता.

"सोमवारी ओंगने बोलावलंय," ती म्हणाली. "दोघांनाही."

"मलाही?"

"मजकूर कंपनीने लिहून दिला, माझी मुलगी तिथे काम करते, असं तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलंत, बाबा. सरकारी फॉर्ममध्ये."

"विचारलं होतं त्यांनी."

"सगळे 'नाही' लिहितात."

"मला माहीत नव्हतं," प्रबोध म्हणाले. हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. 'नाही' लिहिता येतं हे त्यांना माहीत होतं. "तुझा अर्ज?"

"ओंगच्या टेबलावर आहे. सही केलेली नाही."

रविवारभर प्रबोधनी मनात माफीचं भाषण तयार केलं. ते इतकं चांगलं झालं की आपण बोलू शकणार नाही याची त्यांना खात्रीच पटली.

मिस्टर ओंग साठीच्या आतबाहेरचा, बारीक चणीचा गृहस्थ होता. त्याच्या केबिनच्या काचेतून फेरी बोटी लागताना दिसत होत्या. त्याने प्रबोधना खुर्ची दिली, चहा मागवला आणि अगदी आदराने एक कागद पुढे सरकवला.

"अंकल, काही मोठी गोष्ट नाही. माणसाकडून चूक होते. इथे सही करा, आम्ही कॅनबेराला पाठवतो, विषय संपला." मग त्याने दुसऱ्या ट्रेमधल्या कागदावर बोट टेकवलं. "ऋताच्या पासचा अर्ज इथेच आहे. तोही आजच करून टाकू, लाह." वाक्याला 'लाह' जोडायची इथली सवय त्यालाही होती.

प्रबोधनी लगेच पेन काढलं. त्यांना खरोखरच सही करायची होती. लवकर सही करावी, घरी जावं आणि पुन्हा कधी कोणाला मत देऊ नये.

"बाबा," ऋता मराठीत म्हणाली, "आधी वाचा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ज्या एका माणसाला त्यांनी ते न वाचणंच सोयीचं होतं, तीच वाचा म्हणत होती. म्हणून त्यांनी वाचलं. पत्रात चार वाक्यं होती. एक, मी एकाहत्तर वर्षांचा निवृत्त मनुष्य आहे. दोन, माझ्याकडून कागद चुकून थेट सरकारकडे गेले. तीन, वयोमानामुळे माझा कधी कधी गोंधळ होतो. चार, कागदांवरील माझ्या दुरुस्त्या वस्तुस्थितीला धरून नाहीत.

"पहिलं वाक्य बरोबर आहे," प्रबोध म्हणाले. "दुसरंही चालेल. तिसरं थोडं कमी पडतंय."

"कमी?"

"कधी कधी नाही, बहुतेक वेळा होतो. आणि वयोमानामुळे नाही. पंचविसाव्या वर्षीही होत असे. तसं लिहिलं तर जास्त खरं होईल."

ओंगने ऋताकडे पाहिलं. ऋता आपल्या गुडघ्यांकडे बघत होती.

"चौथं मात्र..." प्रबोधचा आवाज नेहमीसारखा खाली गेला, इतका की ओंगला पुढे वाकावं लागलं. "ते चुकीचं आहे. मी तिथे होतो. वायू वर जात होता."

"अंकल, एकच वाक्य आहे, लाह."

"हो. एकच आहे." प्रबोधनी पेन खाली ठेवलं, मग परत उचललं. मग लेकीकडे वळून ते मराठीत म्हणाले, "तू सांग. तू म्हणशील ते करतो."

"मला विचारू नका," ऋता म्हणाली. "मला भीती वाटतेय, बाबा. घाबरलेल्या माणसाला विचारून सही करायची नसते."

मग प्रबोध करमरकरांनी आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली. भाजीवाल्याने सांगितलेल्या भावात वर चार आणे घालून देणारा हा मनुष्य. त्यांनी ओंगला सांगितलं की चौथं वाक्य काढा. बदल्यात माझ्याबद्दल हवं ते घाला. मी विसराळू आहे असं घाला. मला कॉम्प्युटर कळत नाही असं घाला. फॉर्म भरायची मला हौस आहे, घरी कोणी माझं ऐकत नाही, असंही चालेल. मी सगळ्याखाली सही करतो.

"स्वतःला इतकं का बोलता, अंकल?" ओंगने खरंच कुतूहलाने विचारलं.

"सवय आहे."

ओंग खुर्चीत मागे टेकला. "मी पण मरीन इंजिनियर होतो," तो जरा वेळाने म्हणाला. "सहा वर्षं. मग मला बोटी लागायला लागल्या." त्याने उठून कॅनबेराच्या एजंटला फोन लावला आणि खिडकीशी जाऊन बोलला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं. ओंग 'हं, हं' करत होता. मग तो हसला, आणि परत येऊन बसला तेव्हा त्याच्या हसण्याचं काहीच चेहऱ्यावर उरलं नव्हतं.

"एजंट म्हणतो, चौथं नको. तिसरं नीट जाड लिहा. म्हातारा गोंधळलेला आहे एवढं कळलं की त्याने काय लिहिलं ते कोणी बघत नाही." त्याने प्रबोधकडे पाहिलं. "हे पत्रही तुमच्या कागदांच्या शेजारीच छापलं जाईल, अंकल. तुमच्या नावाने. कायमचं. ठीक?"

"ठीक," प्रबोध म्हणाले.

पत्र नव्याने छापून आलं. 'माझी मानसिक अवस्था विश्वासार्ह राहिलेली नाही,' असं आता तिसरं वाक्य होतं. प्रबोधनी ते वाचलं. जन्मभर ते स्वतःला यापेक्षा वाईट बोलत आले होते, आंघोळ करताना, ओटा पुसताना, पुस्तकाआड. पण ते असं दुसऱ्याच्या हातून टाइप होऊन आलं, वर तारीख आणि खाली त्यांचं नाव, तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. हे आपलं घरचं माप आपण कशाला बाजारात आणलं, असं वाटलं. त्यांनी सही केली. 'के' नेहमीसारखा उलट्या खुर्चीसारखा पडला, ते एका परीने पत्राला शोभूनच दिसलं.

ओंगने ऋताच्या अर्जावर सही केली आणि कागद बाहेर जाणाऱ्या ट्रेमध्ये टाकला. "सरकारांशी बोलायचं काम तू आता करणार नाहीस," तो तिला म्हणाला. "उद्यापासून सेफ्टीची पत्रकं. पगार तोच." ऋताने मान हलवली.

हार्बरफ्रंटहून क्लेमेंटीची बस रिकामीच होती. दोघं वरच्या मजल्यावर पुढे बसले.

"नोकरी राहिली," ऋता म्हणाली.

"हो."

"तुम्हाला वाईट वाटतंय ते पत्राचं."

"नाही, नाही. त्यात खोटं काय आहे?"

"बाबा." ती त्यांच्याकडे वळली. "मला आधी का नाही सांगितलंत? चार पावलांवर माझी खोली आहे."

प्रबोधनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सांगण्यासारखं काही नव्हतं, झाडं होती. "तू चिडली असतीस."

"चिडलेच असते. त्याने काय होतं?"

एकाहत्तर वर्षांत हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता. त्यांनी एकदा घसा साफ केला. मग पुस्तक नाही, पेन नाही, पट्टी नाही, असे रिकामे हात मांडीवर ठेवून त्यांनी तिला सांगायला सुरुवात केली: कमी वेगात सिलिंडरमध्ये काय होतं, वायू कुठे कोपऱ्यात अडकतो, धुराड्याशी उभं राहिलं की काहीच कसं दिसत नाही आणि म्हणूनच कसं फसायला होतं. सुरुवातीला ती नुसती ऐकत होती. तिसऱ्या स्टॉपवर तिने त्यांना थांबवलं.

"ते जुनं इंजिन, बाबा. नवीन इंजिनांत निम्म्याने कमी झालंय ते."

"कोण म्हणतं?"

"आमचा रिपोर्ट."

"रिपोर्ट कोणी लिहिला?"

"आम्हीच," ऋता म्हणाली, आणि मग चिडून, "पण आकडे प्रयोगशाळेचे आहेत. तुम्ही एका बोटीवरून सगळ्या जगाचं ठरवता."

"मोजलं कुठे? धुराड्यावर की टेबलावर?"

"असं तोडून बोलायचं नाही हं."

"मी तोडून बोलत नाही. मी विचारतोय," प्रबोध म्हणाले. मागे बसलेल्या बाईंनी मान वर करून पाहिलं, इतका त्यांचा आवाज चढला होता. एरवी त्यांनी लगेच हळू केला असता. "धुराड्यावर की टेबलावर, ते सांग."